टर्बो गाडीला कोणते मीटर लावावेत आणि ताकद वाढवण्याआधी काय करावे?

दारव्ह्याच्या एका तरुण मित्राने विचारले आहे की, त्याच्याकडे जुनी घेतलेली फियाट लिनिया टी-जेट आहे आणि तिला बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब), ऑइलचे तापमान व हवा-इंधन मिश्रण दाखवणारे तीन मीटर बसवायचे आहेत. त्यासोबत मोकळा एअर फिल्टर, मोठा एक्झॉस्ट आणि पहिल्या टप्प्याचा रीमॅप (इंजिनच्या संगणकातले तक्ते बदलून ताकद वाढवणे) करायचा आहे. कोणत्या कंपनीचे मीटर घ्यावेत आणि कामांचा क्रम काय ठेवावा, एवढाच त्याचा प्रश्न आहे. पैसे मर्यादित आहेत आणि गाडी रोजच्या वापरातली आहे, हेही त्याने सांगितले आहे.

माझे उत्तर थोडक्यात असे आहे. यादीत ऑइल प्रेशर नाही आणि तेच सर्वात आधी हवे. बूस्टचा मीटर चौथ्या क्रमांकावर जाईल, मोकळा फिल्टर यादीतून काढावा आणि रीमॅप सर्वात शेवटी, एक पूर्ण उन्हाळा मीटरवरचे आकडे पाहून झाल्यावर करावा. या क्रमामागची कारणे समजली, तर कंपनीचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

मीटर निवडताना मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो. हा काटा हलला तर तुम्ही गाडी चालवताना काय कराल? उत्तर ‘पाय काढीन’, ‘गाडी बाजूला घेईन’ किंवा ‘इंजिन बंद करीन’ असे असेल, तर तो मीटर कामाचा आहे. उत्तर ‘बघीन’ एवढेच असेल, तर तो पैसा टायरवर खर्च करावा. कंपनीने डॅशबोर्डवर दिलेला तापमानाचा काटा या कसोटीवर बहुतेक गाड्यांत नापास होतो, कारण ग्राहक घाबरू नये म्हणून तो मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. कूलंट साधारण ७५ अंशांपासून १०५ अंशांपर्यंत गेला तरी अनेक गाड्यांत काटा मधोमध स्थिर राहतो आणि तो वर सरकायला लागतो तेव्हा हातात फार वेळ उरलेला नसतो. ऑइलचा लाल दिवा तर त्याहून उशिरा बोलतो. त्याचा स्विच साधारण अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याखाली लागतो, आणि ४,००० आरपीएमवर इंजिन जोरात चालू असताना दाब तिथवर उतरला असेल, तर बेअरिंगचे नुकसान तोवर सुरू झालेले असते.

म्हणून पहिला मीटर ऑइल प्रेशरचा आणि दुसरा ऑइल तापमानाचा. हे दोन्ही जोडीने वाचायचे असतात. सकाळी थंड इंजिनमध्ये ऑइल घट्ट असल्याने दाब ४ ते ५ बार दिसतो आणि त्याने हुरळून जाऊ नये. खरा आकडा ऑइल ९० अंशांच्या वर गेल्यावरचा. गरम इंजिनमध्ये आयडलवर साधारण १ बार आणि प्रत्येक १,००० आरपीएमला सुमारे ०.७ बार हा जुना ठोकताळा आजही उपयोगी पडतो. मात्र त्यापेक्षा मोलाची असते ती तुमच्याच गाडीची नेहमीची सवय. त्याच तापमानाला आणि त्याच आरपीएमला गेल्या महिन्यात जो दाब होता तो आज अर्ध्या बारने कमी असेल, तर ऑइल पातळ झाले आहे, पातळी उतरली आहे, फिल्टर बदलायला झाला आहे किंवा आत झीज वाढली आहे. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी तुम्ही त्याच दिवशी तपासू शकता.

तापमानाच्या बाबतीत ९० ते ११० अंश ही सुखाची मर्यादा समजावी, १२० अंश सतत दिसू लागले तर वेग कमी करावा आणि १३० अंश ओलांडू देऊ नयेत. तापमान दर १० अंशांनी वाढले की ऑइल खराब होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, हे लक्षात ठेवावे. आपल्याकडे ही गोष्ट पुस्तकी नाही. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४६-४७ अंशांवर जातो, यवतमाळ-वर्ध्यातही ४४-४५ ही नवलाई नाही, आणि कारंजा लाडहून समृद्धी महामार्गावर चढले की कायदेशीर १२० च्या वेगाने गाडी तासन्‌तास न थांबता चालते. पूर्वीच्या राज्य मार्गांवर दर दहा-पंधरा मिनिटांनी गाव, गतिरोधक किंवा बैलगाडी यायची आणि ऑइलला श्वास घ्यायला उसंत मिळायची, ती आता मिळत नाही. कूलंट ९५ वर शांत असताना ऑइल १२५ वर गेल्याचे मी अशाच धावांमध्ये पाहिले आहे; तो मीटर नसता तर चालकाला काहीच कळले नसते. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कूलंट पाच-सात मिनिटांत गरम होतो, पण ऑइलला त्याच्या दुपटीच्या आसपास वेळ लागतो. ऑइल ७०-८० अंशांवर येईपर्यंत टर्बोला जोर लावायचा नाही, हा एक नियम पाळला तरी मीटरची किंमत वसूल होते.

हे सेन्सर बसवताना खरी चूक आट्यांमध्ये होते. अमेरिकन पद्धतीच्या सेन्सरला १/८ एनपीटी हे निमुळते आटे असतात, इंचाला २७. जपानी सेन्सरला बहुधा १/८ पीटी असतात, ते इंचाला २८. युरोपीय गाड्यांच्या जागा मेट्रिक मापाच्या असतात, जसे एम१० बाय १. ही तिन्ही मापे डोळ्यांना जवळजवळ सारखी दिसतात आणि एकात दुसरे दीड-दोन फेरे बसतेही. त्यानंतर पान्याने जोर लावला की ॲल्युमिनियमची खोबण फाटते. म्हणून आटे मोजायची कंगोरी पट्टी लावूनच अडॅप्टर मागवावा किंवा लेथवर करून घ्यावा. आट्यांवर पांढरी टेप भरमसाट गुंडाळू नये. एका तारेच्या सेन्सरचे अर्थिंग त्याच्या धातूच्या अंगातूनच होते आणि टेपचा तुटलेला तुकडा ऑइलच्या वाटेत गेला तर तो बारीक छिद्र बुजवतो. आट्यांवर लावायचे द्रव सीलंट पातळ थरात, पहिले दोन आटे सोडून लावावे.

फिल्टर आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसणारी सँडविच प्लेट हा दोन्ही सेन्सर लावण्याचा सोपा मार्ग आहे, परंतु तिच्यामुळे फिल्टर दोन-तीन सेंटीमीटर बाहेर येतो. ज्या गाड्यांत फिल्टर खालच्या अंगाला असतो त्यांत आपल्या पांदण रस्त्यांवरचा उंचवटा किंवा नव्याने टाकलेली गिट्टी थेट फिल्टरवर बसू शकते. गाडी वर उचलून, खालची प्लेट लावून, किती जागा उरते हे मोजल्याशिवाय ती प्लेट घेऊ नये. केबिनमध्ये गरम ऑइलची नळी आणणारे जुने यांत्रिक प्रेशर मीटर स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत; नळी फुटली तर उकळते ऑइल चालकाच्या पायांवर येते.

आता मिश्रणाच्या मीटरकडे येतो, कारण तुमच्या गाडीच्या बाबतीत त्याला आज जे महत्त्व आहे ते ती नवी असताना नव्हते. २०२५ पर्यंत देशभरातल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल पोहोचले. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ भाग, आणि २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ भाग. याचा अर्थ असा की तेवढ्याच हवेसाठी इंजेक्टरने आता अधिक इंधन सोडले पाहिजे. साध्या चालीत गाडीचा मूळ ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखतो आणि संगणक ५ ते ८ टक्के इंधन वाढवून तो भरून काढतो. परंतु पूर्ण जोर लावल्यावर अशा जुन्या पद्धतीच्या गाड्यांचा संगणक त्या सेन्सरकडे पाहत नाही. तो कारखान्यात साठवलेल्या तक्त्यावरून इंधन देतो, आणि तो तक्ता या इंधनासाठी लिहिलेला नसतो. साध्या चालीत शिकलेली दुरुस्ती काही गाड्यांत तिथेही लागू होते, काहींत अपुरी पडते. जिथे इंजिनवर सर्वात जास्त ताण असतो नेमके तिथेच मिश्रण कोरडे होण्याची, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडण्याची, शक्यता उरते, आणि ते मोजल्याशिवाय बूस्ट वाढवणे मला अजिबात मान्य नाही.

हा मीटर घेताना तो वाइडबँड (मिश्रणाचा नेमका आकडा मोजणाऱ्या) सेन्सरचा, शक्यतो बॉशच्या एलएसयू ४.९ सेन्सरवर चालणारा असावा. गुणोत्तराऐवजी लॅम्डा (प्रत्यक्ष हवा पूर्ण ज्वलनाला लागणाऱ्या हवेच्या किती पट आहे तो आकडा) दाखवणारी सोय त्यात असल्यास तीच निवडावी. कारण मीटर प्रत्यक्षात लॅम्डाच मोजतो आणि त्याला १४.७ ने गुणून आकडा दाखवतो. टाकीत २० टक्के इथेनॉल असताना तो १४.७ दाखवत असेल तर खरे गुणोत्तर १३.५ च्या आसपास असते आणि माणूस नसत्या हिशेबात अडकतो. लॅम्डामध्ये १ म्हणजे पूर्ण ज्वलन, इंधन कोणतेही असो. टर्बो पेट्रोल इंजिनमध्ये पूर्ण बूस्टवर आकडा साधारण ०.८० ते ०.८८ च्या दरम्यान असावा. तिथे ०.९५ किंवा त्याहून वर दिसले तर तत्काळ पाय काढावा आणि इंधन पंप, फिल्टर, इंजेक्टर तपासल्याशिवाय पुन्हा जोर लावू नये.

सेन्सर कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या (एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाच्या) आधी आणि टर्बोपासून शक्य तितक्या दूर, साधारण ४५ ते ६० सेंटीमीटरवर असावा. तो पाइपच्या वरच्या अर्ध्या भागात तिरका बसवावा, म्हणजे थंड एक्झॉस्टमध्ये साचणारे पाणी त्यात उतरत नाही. तो एक्झॉस्टमध्ये असेल तर मीटरचा पुरवठा चालू राहिलाच पाहिजे; बंद अवस्थेत गरम वायू खाल्लेला सेन्सर काजळी धरून लवकर मरतो. जुन्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील इथेनॉलने कडक किंवा मऊ झाले आहेत का, हेही याच वेळी पाहून घ्यावे. मोठ्या बूस्टपेक्षा ठिबकणारी एक नळी जास्त धोक्याची असते.

बूस्टच्या मीटरबद्दल फार लिहावे असे नाही. तो पाहायला आवडतो, टर्बोची गळती किंवा वेस्टगेटचा (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेचा) बिघाड दाखवतो, पण रोजच्या चालीत निर्णय देत नाही. दोनच गोष्टी सांभाळाव्यात. त्याची नळी इनटेक मॅनिफोल्डवरून घ्यावी, वेस्टगेट ॲक्च्युएटरच्या नळीला टी लावून कधीही घेऊ नये. तिथे गळती झाली तर ॲक्च्युएटरला दाब कमी पोहोचतो आणि बूस्ट हाताबाहेर जातो. दुसरी गोष्ट, ओबीडीवरचा (गाडीच्या संगणकाची माहिती देणाऱ्या जोडणीवरचा) मॅनिफोल्ड दाब हा वातावरणाच्या दाबासह असतो. आपल्या भागाच्या ३०० ते ४५० मीटर उंचीवर साधारण ९६ ते ९८ किलोपास्कल वजा केल्यावर खरा बूस्ट मिळतो. मोबाइलवर १७५ वाचून घाबरून आलेल्यांना मी हेच वजाबाकी करून दाखवतो.

ओबीडीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, की सुरुवात एका बऱ्यापैकी ओबीडी अडॅप्टरने करावी. कूलंट, आत येणाऱ्या हवेचे तापमान, इंधनाची दुरुस्ती, इग्निशनची वेळ एवढे त्यातून मिळते आणि यासाठी वेगळे मीटर घेण्याची गरज पडत नाही. ऑइलचा दाब मात्र तुमच्यासारख्या बहुतेक गाड्यांत फक्त स्विच असल्याने तिथे मिळत नाही, आणि ऑइलचे तापमान काही गाड्यांत मोजलेले नसून अंदाजाने काढलेले असते. म्हणूनच पैसा या दोन ठिकाणी घालावा.

कंपनीपेक्षा मी जोडणी पाहतो. मीटर आणि सेन्सर एकाच जोडीचे असावेत. प्रत्येक कंपनीच्या सेन्सरचा विद्युत प्रतिरोध वेगळा असतो. एका युरोपीय पद्धतीत तो १० ते १८० ओहम आहे, आणि त्या मीटरला दुसऱ्याचा सेन्सर लावला तर काटा हलतो, पण खोटे बोलतो. सुटा सेन्सर नंतर मिळेल का, हे विकत घेण्याआधी विचारावे, कारण खराब बहुधा तोच होतो. स्वस्त एलसीडी पडद्याचे मीटर आपल्या उन्हात टिकत नाहीत. दुपारी बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे तापतो आणि पडदा काळा पडतो. काट्याचा, स्टेपर मोटरचा, ५२ मिलिमीटरचा, काळ्या तबकडीचा, सर्वोच्च आकडा लक्षात ठेवणारा आणि ठरवलेल्या मर्यादेवर आवाज करणारा मीटर घ्यावा. तो आवाज महत्त्वाचा आहे. जोरात चालवणाऱ्या माणसाची नजर रस्त्यावरच असली पाहिजे. नामांकित कंपन्यांच्या नकली वस्तू बाजारात भरपूर आहेत, म्हणून आलेला मीटर बसवण्याआधी स्वतः तपासावा. ऑइल तापमानाचा सेन्सर उकळत्या पाण्यात धरल्यास आपल्या उंचीवर ९९ अंशांच्या आसपास दाखवला पाहिजे, प्रेशरचा सेन्सर टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर त्याच्या गेजशी ताडता येतो, आणि वाइडबँड मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करता येतो.

वायरिंगसाठी पुरवठा इग्निशनवर चालू होणाऱ्या फ्यूजवरून, स्वतंत्र फ्यूज लावून घ्यावा आणि सर्व मीटरचे अर्थिंग एकाच स्वच्छ जागी करावे. एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला हातही लावू नये. समोरच्या काचेशेजारच्या खांबावर मीटर शोभून दिसतात, पण ज्या गाडीत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग आहे तिथे तो खांब मोकळाच ठेवावा.

आता ताकदीच्या कामांकडे वळतो. पहिले काम बिनखर्चाचे आहे. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांमधून उडालेली रुई इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्यामध्ये जाऊन बसते, तिच्यावर काळ्या मातीची धूळ चढते आणि बाहेरून न दिसणारी वाकळ तयार होते. दरवर्षी होळीच्या सुमारास बंपर काढून, मागच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने ही जाळी धुवावी. याचे मोल हिशेबातून कळते. ४५ अंशांची हवा टर्बोने १ बारपर्यंत दाबली आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती १४० अंशांच्या पुढे तापून बाहेर पडते. तिला थंड करण्याचे सगळे काम त्या जाळीवर आहे. ती बुजली की संगणक नॉक (सिलिंडरमध्ये मिश्रण आपोआप पेटून होणारी ठोठावणी) टाळण्यासाठी इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा देतो, आणि उन्हाळ्यात गाडी मेल्यासारखी वाटते. मोठा इंटरकूलर हा आपल्या हवामानात खरोखर उपयोगाचा बदल आहे आणि मी त्याला एक्झॉस्टच्या कितीतरी आधी ठेवीन.

मोकळा फिल्टर मी यादीतून काढला, कारण तो बोनेटखालची तापलेली हवा ओढतो आणि तेलाचा हात दिलेले कापडी फिल्टर बारीक माती कागदी फिल्टरइतकी अडवत नाहीत. टर्बोच्या पात्याला आणि सिलिंडरला काळ्या मातीची ती भुकटी घासत राहते. मूळ बंद डब्यात चांगला कागदी फिल्टर ठेवावा आणि खेड्यातला वापर असेल तर कंपनीच्या मुदतीच्या आधी बदलावा.

ब्रेक आणि टायर यांना मी ताकदीचेच काम समजतो. डॉट ४ ब्रेक ऑइल नवे असताना किमान २३० अंशांवर उकळते, पण ते हवेतला ओलावा शोषते आणि ओले झाल्यावर हीच किमान मर्यादा १५५ पर्यंत उतरते. परतवाड्याकडे चिखलदऱ्याचा घाट उतरताना ब्रेकचे पेडल खाली बसते ते याच कारणाने. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे आणि दर्जेदार पॅड घालणे हे मोठ्या डिस्कच्या आधीचे काम आहे. टायर योग्य वेगमर्यादेचे आणि भारांकाचे असावेत, त्यांचे वय पाहावे, आणि हवेचा दाब सकाळी थंड असतानाच भरावा.

कायद्याचेही भान ठेवावे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतील बदलांवर मर्यादा घालते, आणि कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कन्व्हर्टर काढून मोठा एक्झॉस्ट घालणे मी कोणासाठीही करत नाही. जे बदल कराल ते विमा कंपनीला लेखी कळवावेत, नाहीतर अपघातानंतरच्या दाव्यात तोच मुद्दा पुढे येतो.

रीमॅपकडे याल तेव्हा तो तुमच्या टाकीतल्या इंधनासाठीच करून घ्यावा. १०० ऑक्टेनचे पेट्रोल तालुक्याच्या पंपावर मिळत नाही; दारव्हा-दिग्रस-आर्णी भागात जे नेहमी मिळते त्यावर गाडी नॉक न होता चालली पाहिजे. तत्पूर्वी चांगल्या दर्जाचे ५डब्ल्यू-४० ऑइल, नवे प्लग आणि तपासलेला टायमिंग बेल्ट असावा. वरच्या गिअरमध्ये जोर लावल्यावर आरपीएम वाढून वेग तसाच राहत असेल तर आधी क्लच. रीमॅप करणाऱ्या ट्यूनरला एप्रिल-मेमधल्या दुपारच्या नोंदी द्याव्यात. आत येणाऱ्या हवेचे तापमान, इग्निशनमधील कपात, लॅम्डा, ऑइलचा दाब आणि तापमान, हे सगळे एकाच धावेतले असावे. डिसेंबरच्या पहाटे केलेला रीमॅप मे महिन्यात कसा वागेल हे त्या नोंदींशिवाय कोणीही सांगू शकत नाही, आणि नोंदी न मागता फाइल टाकून देणाऱ्याकडे गाडी देऊ नये. मूळ फाइलची प्रत स्वतःजवळ मागून घ्यावी आणि काम झाल्यावर पहिल्या ऑइल बदलाचे अंतर निम्म्यावर आणावे. काढलेल्या ऑइलचा नमुना पांढऱ्या कापडावर पाहिला की धातूची चमक आहे की नाही ते लगेच कळते.